घरी कोणी आहे का?

ऑलिव्ह कीपिंगने कागदावर चौथी फुली मारली आणि पेन्सिल कानामागे खोचली.

समोरच्या लोखंडी पलंगावर थिओ काका मरत होते. गेली अकरा वर्षं दर वसंतात ते याच पलंगावर, याच निळ्या पट्ट्यांच्या झग्यात मरत आले होते, आणि त्यात त्यांचा हात आता चांगलाच बसला होता. छातीच्या फोटोत डाग निघालेला म्हातारा; डॉक्टर नुकतेच सांगून गेलेत; आणि आता नर्स आत येते. नाटक एवढंच. रुग्णाशी बोलावं कसं हे नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यासाठी ऑलिव्हने ते लिहिलं होतं, आणि गावात एवढा वेळ मोकळा असलेला दुसरा कोणी नव्हता म्हणून थिओ हिस्कॉक त्यात रुग्ण झाले होते. मूळचे ते कॉड मासे धरणारे. दोन वर्षांपूर्वी सरकारने कॉड धरायलाच बंदी घातल्यापासून तर वेळच वेळ होता.

"म्हणजे आता फार दिवस नाहीत. असंच ना?" काकांनी छताकडे बघत विचारलं.

पलंगाशेजारी बसलेल्या अमालियाने भुवया उंचावल्या. बोलली काहीच नाही.

मागच्या बाकावर बसलेल्या तेरा जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. ऑलिव्ह वाट बघत राहिली. वाट बघणं तिला येत होतं. बावीस वर्षं शिकवण्यात गेल्यावर तेवढं येतंच. पण पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. पाचवी फुली.

अमालियाने कागदावरचा पुढचा प्रश्न घेतला. "घरी तुमची काळजी घ्यायला कोणी आहे का?"

"आहे ना. बायको आहे घरी. ती सगळं बघेल."

अमालियाने नाक मुरडलं.

थिओ काका मरणाच्या दारातून ताडकन उठून बसले.

"ऑलिव्ह! ही पोरगी मला नाकं मुरडते! अगं, सकाळी आंघोळ केलीय मी. साबण लावून. वास यायला गावात मासा तरी उरलाय का?"

बाकावर खसखस पिकली. ग्लेनिस नावाची दणकट मुलगी म्हणाली, "काका, अकरा वर्षं मरताय. आता थोडा वास यायचाच."

"तू गप गं. मागल्या आठवड्यात तू माझी नाडी कोपरात शोधत होतीस."

हसण्यात सगळे सामील झाले. अमालिया मात्र लाल झाली नाही, की ओशाळली नाही. ती काकांकडे बघत होती, जसं कोणी दुसऱ्या किनाऱ्यावरच्या दिव्याकडे बघावं तसं. मग तिने उठून त्यांच्या पायांवरचं सरकलेलं पांघरूण नीट केलं आणि आपल्या जागी जाऊन बसली.

*

मुली गेल्यावर ऑलिव्हने तिला चहाच्या खोलीत थांबवून घेतलं. किटली ठेवली, काकवीचे बन काढले, आणि तो कागद टेबलावर पसरला. तेरा मुद्दे होते. तिच्याच अक्षरातले, पुढे टाईप करून घेतलेले. आपलं नाव सांगा. उभ्याने बोलू नका. दाराकडे पाठ करू नका. सातव्या मुद्द्याखाली तिने स्वतः दोन रेघा मारल्या होत्या: रुग्ण बोलला की त्याला शब्दांत प्रतिसाद द्या.

या दोन रेघांना कारण होतं. ऑलिव्ह वीस वर्षांची असताना एका बाळंतिणीने तिला विचारलं होतं, माझं मूल रडत का नाही? आणि ऑलिव्ह टॉवेलाच्या घड्या घालत राहिली होती. त्या बाईचं नाव तिला अजून पाठ होतं.

"हे बघ बाळ," ती म्हणाली, "शुक्रवारी शहरातून वेकहॅम बाई येतील. नाताळात त्यांनीच तुला नापास केलं. याच मुद्द्यावर. आता पुन्हा तसं झालं तर काय, ते तुला माहीत आहे."

अमालियाच्या भुवया वर गेल्या.

"मग उत्तर का देत नाहीस तू?"

"दिलं."

"कधी?"

"प्रत्येक वेळी, बाई." अमालिया हळू बोलायची, शब्द बर्फावर पाय टाकावा तसे तोलून टाकायची. "हे, 'हो'." तिने भुवया उचलल्या. "आणि हे, 'नाही'." तिचं नाक वर आवळलं गेलं, ससा वास घेतो तसं. "आमच्याकडे, वर उत्तरेला, नेन गावात, सगळे असंच म्हणतात. तोंड उघडलं की थंडी आत जाते, म्हणते आजी."

ऑलिव्हच्या हातातली किटली हवेतच राहिली. मग तिला हसू फुटलं. डोळे पुसावे लागले. बावीस वर्षं ती चेहरे वाचायला शिकवत होती, आणि या पोरीच्या चेहऱ्यावर जे लख्ख लिहिलं होतं त्याच्यावर तिने पाच फुल्या मारल्या होत्या.

"आणि एप्रिलमध्ये पहिल्याच तासाला तू काकांच्या पलंगाची उशाकडची बाजू वर करून ऑक्सिजन आणायला पळालीस, ते?"

"ते श्वास आत ओढत होते. हंऽ, असं. मला वाटलं, दम लागला."

"अगं, ते 'हो' म्हणत होते! इथली सगळी जुनी माणसं 'हो' म्हणताना श्वास आत घेतात."

"तुम्हीही घेता, बाई."

"मी? छे!"

अमालियाने भुवया उंचावल्या, आणि पहिल्यांदाच हसली.

बाहेर धुकं खाडीवरून वर चढत होतं. आधी धक्का गेला, मग बोटी, मग दीपगृहाचं टेकाड. त्या पांढऱ्यात बोटींना सावध करणारा भोंगा मिनिटामिनिटाने हंबरत होता.

"म्हणजे आज काकांचा वास नव्हता आला तुला."

नाक आवळलं.

"मग 'नाही' कशाला म्हणालीस?"

अमालिया बनचा तुकडा हातात फिरवत राहिली. "बायको घरी आहे म्हणाले ना ते. नाहीये ती."

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. बाकीची वाक्यं ते छताकडे बघून म्हणतात. एवढंच एक दाराकडे बघून म्हणतात. जसं कोणी येणार आहे."

"अगं, ते नाटक आहे," ऑलिव्ह म्हणाली, आणि जरा घाईनेच म्हणाली.

काकांची बायको, ड्रूसी हिस्कॉक, फेब्रुवारीत गेली होती. जमीन इतकी गोठली होती की पुरायला दहा दिवस थांबावं लागलं. चर्चच्या हॉलमध्ये त्या दिवशी ऑलिव्हनेच हॅमची सँडविचं कापली होती, दोनशे तरी असतील, कडा काढून. आणि एप्रिल उजाडताच नेहमीचा कागद नेहमीसारखा थिओ काकांच्या हातात दिला होता. दिला तेव्हा तिच्या मनात काहीसुद्धा आलं नव्हतं.

अमालिया तिच्याकडे बघत होती. ऑलिव्हने नजर कपात नेली.

"तू इथे आलीसच कशाला गं?" तिने विषय बदलला. "इतक्या लांब?"

"आजी आजारी होती तेव्हा दवाखान्यातली नर्स तिला ओरडून ओरडून विचारायची, समजतंय का? दुखतंय का? आजी दर वेळी 'हो' म्हणायची." भुवया. "मग नर्सने तक्त्यावर लिहिलं. मी वाचलं ते. 'रुग्ण सहकार्य करत नाही.' दोन दिवस तिला दुखण्याचं औषध दिलं नाही." अमालियाने बन खाली ठेवला. "तो तक्ता लिहिणारी मी असायला पाहिजे. म्हणून."

जूनच्या बोटीने ती पास झाल्याचा कागद घेऊन जाणार, की त्याच्याशिवाय, एवढाच आता प्रश्न होता. नेनच्या दवाखान्यातली जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती, पण हा उन्हाळा संपेपर्यंतच.

*

त्यानंतरचे चार दिवस दोघी रोज दुपारी बसल्या.

"'मी ऐकतेय,' म्हण."

"मी ऐकतेय."

"'हे ऐकणं तुम्हाला जड गेलं असेल.'"

"हे ऐकणं तुम्हाला जड गेलं असेल." आणि मग, "पण बाई, जड गेलंय ते त्यांना माहीतच आहे. त्यांना परत कशाला सांगायचं?"

"आपल्यालाही कळलंय, हे त्यांना कळावं म्हणून."

"ते बघून कळत नाही?"

"सगळ्यांना नाही कळत," ऑलिव्ह म्हणाली. "वेकहॅम बाईंना तर मुळीच नाही."

लहान मुलाला बूट घालायला शिकवताना बूट आपण घालून द्यायचा नसतो, फक्त समोर सरळ ठेवायचा असतो, असं ऑलिव्हचं जुनं मत. तिने वाक्यं समोर ठेवली. अमालियाने एकेक करून पाय घातले. बूट चावत होते, दिसत होतं. पण ती चालत राहिली. तेरा मुद्द्यांतले अकरा, मग बारा. तिचं बोलणं आता बिनचूक होतं आणि त्यात जीव नव्हता. ऑलिव्हने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. आधी पास होऊ दे. जीव नंतर येईल.

धुकं काही हललं नाही. गावाच्या कडा पुसून गेल्या होत्या. माणसं एकमेकांना हाकेने ओळखत होती. बुधवारी दुपारी ऑलिव्ह शाळेची खिडकी लावायला गेली, तर खालून, धक्क्याच्या बाजूने, त्या पांढऱ्या पोकळीतून आवाज आला:

"मी ऐकतेय."

कोणी दिसत नव्हतं. पाणी लाकडाला चाटत होतं.

"मी ऐकतेय. घरी तुमची काळजी घ्यायला कोणी आहे का?"

दुरून भोंगा हंबरला. अमालिया थांबली, जणू तोही बोलून होईपर्यंत वाट बघत होती. मग परत सुरुवातीपासून. ऑलिव्ह तावदान धरून किती वेळ उभी राहिली तिचं तिलाच कळलं नाही. तो प्रश्न तिनेच लिहिला होता. पण बाहेरून, असा, कोणालाच उद्देशून विचारलेला तिने कधी ऐकला नव्हता.

*

गुरुवारी सकाळी शाळेतला फोन वाजला. विमान उतरू शकत नाही, वेकहॅम बाई म्हणाल्या; अजून दोन दिवस तरी. परीक्षा सप्टेंबरमध्ये घेऊ, नाहीतर उद्या फोनवरच ऐकते.

"फोनवर फक्त आवाज जाईल," ऑलिव्ह म्हणाली.

"संवादाचीच परीक्षा आहे ना? मग आवाज पुरे."

बाकीच्या मुलींना सप्टेंबरही चालला असता. ऑलिव्हने अमालियाला बोलावून दोन्ही गोष्टी सांगितल्या. अमालिया खिडकीकडे बघत ऐकत होती. मग वळली आणि भुवया उचलल्या; आणि आठवण होऊन म्हणाली, "हो. उद्या. फोनवर."

दुपारी ऑलिव्ह थिओ काकांच्या घरी गेली. धुक्यात रस्ता पायांनी शोधावा लागला. दार ठोठावायची पद्धत नव्हती; तिने ढकललं आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. काका चुलीजवळ जाळं विणत बसले होते. धरायला मासा नव्हता तरी हाताला सवय होती.

"ये. चहा आहे. काळा झालाय, पण आहे."

ती बसली. पर्समधून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. "काका, एक वाक्य बदललंय. आधीच बदलायला हवं होतं."

काकांनी कागद हातभर लांब धरून वाचला. 'नाही. मी एकटाच असतो.' वाचून परत वाचला.

"बरं लिहिलंयस. खरं आहे." त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि साखरेच्या डब्याखाली सरकवली. "पण मी जुनंच म्हणेन."

"का?"

"आठवड्यातून तीनदा मी त्या पलंगावरून सांगतो की ती घरी आहे. तेवढ्यापुरती असते. चौदा पोरी कान देऊन ऐकतात, कोणी 'नाही' म्हणत नाही." काका हसले. "दुसरीकडे कुठे म्हणू मी हे? दुकानात म्हटलं तर मला डॉक्टरकडे नेतील."

ऑलिव्हने कप दोन्ही हातांत धरला. सांगावं की नाही, तिला कळेना. पण आजवर न सांगितलेलं पुष्कळ साठलं होतं.

"एकीने 'नाही' म्हटलं, काका. त्या दिवशी. तिला वास नव्हता आला. त्यांच्यात 'नाही' म्हणायचं झालं की नाक असं करतात."

काकांच्या हातातली विणायची सुई थांबली.

"म्हणजे कळलं तिला."

"कळलं."

"कोणी न सांगता."

"हो."

चुलीतलं लाकूड खचलं, ठिणग्या उडाल्या. थिओ काका जाळ्याच्या एका गाठीकडे बघत होते.

"आणि तू तर सँडविचं कापलीस, ऑलिव्ह," ते म्हणाले. रागाने नाही, हवामान सांगावं तसं. मग उठून त्यांनी तिचा कप परत भरला. "पी. आणि उद्या पोरीला सांग, घाबरू नकोस म्हणावं. मी अगदी सोपा मरेन."

*

शुक्रवारी दहा वाजता खिडकीत धुक्याशिवाय काही नव्हतं. खोली जणू कापसात गुंडाळून ठेवली होती. ऑलिव्हने फोन लांब वायरीने ओढून स्टुलावर ठेवला आणि स्पीकरचं बटण दाबलं. जाळीच्या आतून वेकहॅम बाईंचा आवाज आला, डब्याच्या तळातून यावा तसा.

"मिस कीपिंग, माझ्यापुढे तुमचे तेरा मुद्दे आहेत. चांगले आहेत. आम्ही आता सगळ्याच शाळांना पाठवतोय. सुरू करा."

दार उघडून अमालिया आत आली. पांढरे बूट, मागे घट्ट बांधलेले केस.

"नमस्कार. मी अमालिया सेमिगाक. आज मी तुमची नर्स. मी इथे बसू का?"

"बस, पोरी."

खुर्ची बरोबर अंतरावर. दाराकडे पाठ नाही. ऑलिव्ह भिंतीला टेकून उभी होती. तिची पेन्सिल एकामागून एक बरोबरच्या खुणा करत होती.

"डॉक्टर आत्ता येऊन गेले. त्यांनी काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत सांगाल?"

थिओ काकांनी सांगितलं. डाग, फुप्फुस, सगळं. छताकडे बघत, अकरा वर्षं सांगत आले तसं.

"मी ऐकतेय," अमालिया म्हणाली. आणि योग्य तेवढं थांबून, "हे ऐकणं तुम्हाला जड गेलं असेल."

सातवा मुद्दा. बरोबर. जाळीच्या आत दूरवर पेन कुरकुरलं. अजून दोनच प्रश्न.

"घरी तुमची काळजी घ्यायला कोणी आहे का?"

"आहे ना," काका म्हणाले.

ते दाराकडे बघत होते. तोंड उघडंच होतं, पुढच्या शब्दासाठी.

तो आला नाही.

काकांनी एकदा ओठ मिटले, परत उघडले. मग पांघरूण बाजूला सारून ते सावकाश उठले, पाय पलीकडे सोडले, आणि खोलीकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून पलंगाच्या कडेवर बसून राहिले. झग्याची मागची एक नाडी सुटलेली होती. त्यातून त्यांच्या म्हाताऱ्या पाठीचा मणका दिसत होता.

अमालिया म्हणाली, "हे..."

ऑलिव्ह मनातल्या मनात तिला शब्द पुरवत होती. हे सांगणं. हे सांगणं कठीण आहे. म्हण, बाळ. एवढंच म्हण आणि सुटलीस.

अमालियाने तोंड मिटलं. ती उठली. क्षणभर ऑलिव्हला वाटलं, ही आता दाराबाहेर जाते. पण तिने खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, जमिनीला न घासता, भरलेलं भांडं न्यावं तशी पलंगाला वळसा घालून नेली आणि काकांच्या शेजारी ठेवली. समोर नाही, शेजारी. मग तीही खिडकीकडे तोंड करून बसली.

आता ऑलिव्हला दोघांचे चेहरे दिसत नव्हते. दोन पाठी दिसत होत्या, एक रुंद आणि वाकलेली, एक लहान आणि सरळ. आणि त्यांच्या पुढे ते पांढरं, ज्यात धक्का होता, खाडी होती, टेकाडावरचं चर्च होतं, आणि ज्यातलं आता काहीच दिसत नव्हतं. दोघं एकाच होडीत बसून एकाच दिशेला बघावं तसं बघत होती. कोणी हात हातात घेतला नाही. कोणी मान हलवली नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एक फेरा करून आला, आणि दुसऱ्याला लागला.

काकांचे खांदे एकदा वर गेले आणि खाली आले.

अमालिया त्यांच्याकडे वळली नाही. नुसती जराशी, पाण्यावरच्या वस्तू एकमेकींकडे सरकतात तेवढी, तिकडे झुकली.

"मिस कीपिंग?" जाळीतून आवाज आला.

ऑलिव्हने फोनकडे बघितलं.

"मिस कीपिंग, मला इकडे काहीच ऐकू येत नाहीये. किती वेळ झाला. धुक्याने लाईन तुटली का?"

कागद ऑलिव्हच्या हातात होता. मुद्दा सातवा, त्याखालच्या दोन रेघा, त्यापुढची बरोबरची खूण. हो, तुटली म्हटलं तर बाई परत जोडतील. आणि पोरीला तेवढ्यात खुणावून सांगता येईल, काहीतरी बोल. एका शब्दाचं काम होतं.

तिने पेन्सिल खिशात ठेवली. स्टुलाजवळ गेली, गुडघे टेकून खाली बसली, आणि तोंड अगदी जाळीजवळ नेऊन, पलंगावरच्या दोघांना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात म्हणाली,

"नाही, मॅडम. लाईन चालू आहे. त्यांचं बोलणं चाललंय."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज झाला. मग तोही थांबला.